छोटं पिस्तूल नवशिक्यासाठी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अंगावर लपवून बाळगायच्या छोट्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांवर पानभर लेख छापून आला. सोबत मोठा तक्ता होता: वजन, लांबी, जाडी, नळीची लांबी, मॅगझिनमध्ये किती गोळ्या मावतात, कॅलिबर (गोळीचं माप) कोणतं. लेखकाने मेहनत घेतली आहे आणि तक्त्यातल्या आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. माझं भांडण शेवटच्या परिच्छेदाशी आहे. पहिल्यांदाच पिस्तूल घेणाऱ्याने, त्यातही स्त्रियांनी, तक्त्यातलं सर्वांत लहान आणि सर्वांत हलकं पिस्तूल निवडावं, असा सल्ला तिथे दिला आहे. हा सल्ला पूर्ण उलटा आहे. मी पिस्तूल-नेमबाजी शिकवते, त्याआधी बरीच वर्षं स्पर्धांमध्ये खेळले. असा सल्ला ऐकून शस्त्र घेतलेली माणसं आमच्या रेंजवर सतत येतात. पहिली दोन मॅगझिनं कशीबशी झाडून होतात, मग पिस्तूल खाली ठेवलं जातं आणि पुन्हा उचलायला हात धजत नाही. म्हणून हे पत्र, आणि ते जरा लांबणार आहे.

ज्याच्याकडे रीतसर परवाना आहे आणि जिथे कायदा असं शस्त्र अंगावर बाळगू देतो, त्याच माणसासाठी मी लिहिते आहे. शस्त्र घ्यावं की घेऊ नये हा वाद वेगळा. घ्यायचं ठरलंच असेल तर ते पारखायचं कसं, एवढंच मला सांगायचं आहे.

वजनापासून सुरुवात करते, कारण तक्त्यात ते पहिल्या रकान्यात होतं आणि जितकं कमी तितकं चांगलं असं गृहीत धरलं होतं. काडतूस तेच असेल तर गोळीला पुढे मिळणारा रेटा तोच राहतो आणि पिस्तुलाला मागे तेवढाच रेटा मिळतो. 1 किलोच्या पिस्तुलाऐवजी 500 ग्रॅमचं घेतलं, तर त्याच 9 मिलिमीटरच्या काडतुसाने मागे येणाऱ्या पिस्तुलाची ऊर्जा दुप्पट होते. शिवाय छोट्या पिस्तुलाची ग्रिप आखूड असते, करंगळी खाली लोंबकळत राहते, आणि हा दुप्पट धक्का दोनच बोटांनी पेलावा लागतो. खिशात किंवा कमरेला दिवसभर वागवताना हलकं पिस्तूल सुखाचं वाटतं हे खरं आहे. पण चालवताना तेच सर्वांत कडक लागतं, आणि नवशिक्याला सर्वाधिक गरज असते ती चालवण्याच्या सरावाची.

ट्रिगरचंही तसंच. अशा बहुतेक पिस्तुलांचा ट्रिगर ओढायला साधारण अडीच किलोचा जोर लागतो. पिस्तूल स्वतः अर्धा किलोचं. म्हणजे वस्तूच्या वजनाच्या पाचपट जोर एका बोटाने लावायचा आणि तरीही ती वस्तू तसूभर हलू द्यायची नाही. जड पिस्तूल निदान स्वतःच्या वजनाने थोडं स्थिर राहतं, हलकं बोटाबरोबर वळतं. उजव्या हाताच्या नवशिक्याच्या गोळ्या डावीकडे खाली जाताना दिसल्या, की कारण बहुधा हेच असतं. त्यात नेम धरायच्या दोन खुणा, म्हणजे पुढची आणि मागची साइट, यांच्यातलं अंतरही छोट्या पिस्तुलावर कमी असतं. ते 130 मिलिमीटर असेल आणि पुढची साइट 1 मिलिमीटर सरकली, तर 10 मीटरवर गोळी जवळजवळ पावणेआठ सेंटिमीटर भरकटते. मोठ्या पिस्तुलावर हे अंतर 165 मिलिमीटरच्या आसपास असतं आणि तीच चूक सहा सेंटिमीटरवर भागते. पिस्तूल यंत्रावर घट्ट बसवून झाडलं तर छोटंही उत्तम नेम साधतं. माणसाच्या हातात आलं की ते चुका माफ करत नाही.

आता स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, ओढण्याबद्दल. तक्त्यात याला रकानाच नव्हता, आणि स्त्रियांना सल्ला देताना तर सर्वांत आधी हेच पाहायला हवं होतं. पिस्तूल लहान तशी स्लाइड लहान, बोटांना धरायला जागा कमी. आणि हलक्या स्लाइडला आवर घालायला आतली स्प्रिंग जास्त कडक ठेवावी लागते. त्यामुळे लहान पिस्तुलाची स्लाइड मोठ्यापेक्षा ओढायला बहुधा अवघड असते. माझ्याकडे साठीच्या एक बाई आल्या होत्या. बोटांच्या सांध्यांत संधिवात, आणि सोबत मुलाने हौसेने घेऊन दिलेलं तळहाताएवढं .380 पिस्तूल, म्हणजे 9 मिलिमीटरपेक्षा आखूड काडतुसाचं. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून त्या स्लाइड मागे खेचायचा प्रयत्न करत होत्या, स्लाइड अर्ध्यावरून निसटत होती आणि दर वेळी नळीचं तोंड आपोआप डावीकडे, शेजारच्या लेनकडे वळत होतं. मी त्यांना पिस्तूल छातीजवळ आणायला लावलं, तोंड लक्ष्याकडेच. डावा तळवा स्लाइडवर वरून टेकवायचा, चारही बोटांनी पकडायचं, आणि स्लाइड मागे न ओढता उजव्या हाताने ग्रिप पुढे ढकलायची. जमलं, पण घामाघूम होऊन. मग रेंजवरचं मध्यम आकाराचं 9 मिलिमीटर त्यांच्या हाती दिलं, तर त्याची स्लाइड पहिल्याच खेपेला पूर्ण मागे आली. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, ‘‘मग याला मोठं का म्हणतात?’’

यामागे यंत्राची रचना आहे. जुन्या धाटणीच्या .32 आणि .380 पिस्तुलांत नळी पक्की बसवलेली असते. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत स्लाइड थोपवून धरायचं काम केवळ तिचं वजन आणि स्प्रिंग करते, म्हणून स्प्रिंग दणकट लागते. ताकदीच्या काडतुसांसाठी अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी वेगळी युक्ती रूढ केली. त्यांच्या रचनेत नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकून सोबत मागे येतात, मग नळी मागच्या बाजूला किंचित खाली झुकते आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. आजची जवळजवळ सगळी 9 मिलिमीटर पिस्तुलं याच तत्त्वावर चालतात. त्यामुळे ‘.380 म्हणजे सौम्य’ हे सरसकट खरं नाही. पक्क्या नळीचं .380 कधीकधी थोड्या मोठ्या 9 मिलिमीटरपेक्षा हाताला जास्त टोचतं. उलट, 2018 साली स्मिथ अँड वेसनने स्लाइड सहज ओढता यावी म्हणूनच खास एक .380 आणलं, ते आकाराने छोट्या पिस्तुलांपेक्षा मोठं आहे. मोठं ठेवल्यामुळेच ते सोपं करता आलं.

ही पिस्तुलं इतकी लहान आणि तरी इतक्या गोळ्यांची कशी झाली, हे थोडक्यात सांगते. वाल्थरचं पीपीके 1931 च्या सुमारास आलं तेव्हा .32 च्या 7 गोळ्या पुरेशा मानल्या जात. ग्लॉक 19 हे 1988 चं, साधारण 600 ग्रॅम, 15 गोळ्यांचं. ‘कॉम्पॅक्ट’ म्हणजे काय याचं माप आजही त्याच्यावरून धरतात. नंतर पातळ पिस्तुलांची लाट आली. 2015 च्या ग्लॉक 43 मध्ये गोळ्या एकावर एक, एकाच रांगेत, म्हणून 6 च. मग 2018 मध्ये सिग सॉअरच्या पी365 ने जवळजवळ तेवढ्याच जाडीत 10 गोळ्या बसवल्या आणि तेव्हापासून सगळी चर्चा मॅगझिनच्या आकड्यावर येऊन थांबली. तुमच्या लेखातही तेच झालं आहे.

गोळ्यांच्या संख्येला माझा विरोध नाही. पण छोट्या जागेत जास्त गोळ्या कोंबल्या की मॅगझिनच्या स्प्रिंगवर ताण येतो, शेवटची गोळी भरताना अंगठ्याचं नख दुखतं, आणि पिस्तूल अडकण्याचं मूळ शोधायला गेलं तर कितीदा तरी ते मॅगझिनमध्येच सापडतं. मॅगझिनच्या तोंडाशी दोन वाकवलेले ओठ असतात, वरची गोळी त्यांनीच धरून ठेवलेली असते. एक ओठ केसभर उघडला तरी गोळी तिरपी वर येते आणि चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेच्या, तोंडाशी नाक खुपसून बसते. म्हणून माझ्या प्रत्येक शिष्याला मी मॅगझिनच्या तळाला मार्करने आकडा घालायला लावते. पिस्तूल अडकलं की पहिला प्रश्न: कितव्या मॅगझिनवर अडकलं? दर वेळी ‘2’ असेल तर पिस्तुलाला दोष देण्याआधी 2 नंबर बाजूला ठेवा.

अडकण्याचं दुसरं कारण हात. गोळी सुटल्यावर स्लाइडने मागे जायचं आणि खालच्या सांगाड्याने जागेवर राहायचं, या दोघांच्या वेगातल्या फरकावर सगळं यंत्र चालतं. मनगट ढिलं असेल तर सांगाडाही स्लाइडबरोबर मागे येतो, स्लाइड पूर्ण मागे पोहोचत नाही, रिकामी पुंगळी बाहेर पडण्याऐवजी स्लाइडच्या खिडकीत उभी अडकते. मोठ्या पिस्तुलाचा सांगाडा जड असतो, तो अशा ढिलेपणाला थोडा सांभाळून घेतो. अर्ध्या किलोचं पिस्तूल सांभाळून घेत नाही. आणि ढिलं मनगट कोणाचं असतं? नवशिक्याचं, दमलेल्याचं, घाबरलेल्याचं. लेखात ज्या माणसासाठी हे पिस्तूल सुचवलं आहे, नेमक्या त्याच माणसाचं.

मोठ्या पंजाच्या पुरुषांनाही ही पिस्तुलं अडचणीची ठरतात, हेही लिहायला हवं होतं. वर ठेवलेला अंगठा स्लाइड अडवणाऱ्या खटक्यावर दाबून बसतो, मग शेवटच्या गोळीनंतर स्लाइड उघडी राहतच नाही आणि पिस्तूल रिकामं झाल्याचं कळत नाही. जुन्या छोट्या पिस्तुलांवर तर मागे येणारी स्लाइड अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलते.

मग पिस्तूल भरवशाचं आहे हे ठरवायचं कसं? दुकानाच्या काउंटरवर ट्रिगर खटखट करून काहीच कळत नाही. नवीन पिस्तुलातून निदान 200 गोळ्या झाडाव्यात असं मी सांगते, आणि त्यांतल्या 50 तरी रोज बाळगायच्या त्याच काडतुसांच्या असाव्यात. सरावाच्या काडतुसाची गोळी गोल नाकाची, पूर्ण तांब्याने मढवलेली असते, ती चेंबरमध्ये घसरत जाते. बाळगायची गोळी पोकळ नाकाची असते, आणि तिचं रुंद तोंड काही पिस्तुलांना पचत नाही. सराव एकीवर आणि भरवसा दुसरीवर, असं करून चालत नाही. काही गोळ्या एका हाताने झाडा, काही कमजोर हाताने, काही पिस्तूल न पुसता. एवढ्यात एकदा अडकलं तर कारण शोधा, पुन्हा पुन्हा अडकलं तर ते पिस्तूल बाळगू नका, मग ते कितीही नामांकित असो.

नळी आखूड झाल्याचा परिणाम नेमाइतकाच गोळीवरही होतो. दारू जळून गोळीला वेग देण्यासाठी नळीची लांबी हवी असते. पी365 ची नळी साधारण 79 मिलिमीटर, ग्लॉक 19 ची 102. वेग कमी पडला तर पोकळ नाकाची गोळी नीट उमलत नाही. हा मुद्दा किरकोळ नाही. 11 एप्रिल 1986 ला मायामीत एफबीआयच्या एजंटांची दोन सशस्त्र दरोडेखोरांशी चकमक झाली, 2 एजंट मारले गेले आणि 5 जखमी झाले. एका दरोडेखोराला लागलेली 9 मिलिमीटरची गोळी दंडातून छातीत शिरली पण हृदयाच्या अलीकडेच थांबली, आणि तो त्यानंतरही लढत राहिला. त्यातून एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यावर, कपड्यांचे थर घालून गोळ्या तपासायची पद्धत बसवली. गोळी 12 ते 18 इंच, म्हणजे 30 ते 45 सेंटिमीटर आत गेली पाहिजे, असा निकष ठरला. मधली बरीच वर्षं त्यांनी मोठी कॅलिबरं वापरली आणि गेल्या दशकाच्या मध्यावर गोळ्या सुधारल्यामुळे पुन्हा 9 मिलिमीटरवर आले. तेव्हा कॅलिबरवरून हमरीतुमरीवर येण्यापेक्षा, आपलं काडतूस आपल्याच नळीएवढ्या आखूड नळीतून तपासलेलं आहे का, हे पाहणं जास्त उपयोगाचं. काडतुसं करणारे आखूड नळीसाठी वेगळी काडतुसं बनवतात, ती त्याचसाठी.

आता होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अंगावर ठेवायचं म्यान. आपल्या लेखात त्याला दीड ओळ मिळाली. माझ्या मते पिस्तूल कोणतं यापेक्षा अपघात होणार की नाही हे होल्स्टरवर जास्त ठरतं. आजच्या बहुतेक छोट्या पिस्तुलांना बाहेर घोडा (हॅमर) नसतो, आत काडतुसावर आदळणारी सुई, म्हणजे स्ट्रायकर, असतो. दर गोळीला ट्रिगर सारखाच लागतो, आणि अनेकांना वेगळा सेफ्टीचा खटका नसतो. ट्रिगर दाबला जात नाही तोवर ती सुरक्षित असतात, पण ट्रिगर बोटाने दाबला की शर्टाच्या टोकाने, हे पिस्तुलाला कळत नाही. होल्स्टरमध्ये परत घालताना शर्टाचं टोक, जॅकेटची नाडी किंवा नाडीच्या टोकाचा प्लास्टिकचा मणी ट्रिगरच्या कडीत अडकतो, माणूस वरून दाबतो आणि गोळी सुटते, मांडीत किंवा त्याहून वाईट ठिकाणी. मऊ चामड्याचं जुनं होल्स्टर तोंडाशी दुमडतं आणि ती दुमडच बोटाचं काम करते. म्हणून होल्स्टर कडक हवं, ट्रिगरची कडी पूर्ण झाकणारं हवं, पिस्तूल बाहेर काढल्यावरही तोंड उघडं राहणारं हवं, आणि त्याच पिस्तुलासाठी बनवलेलं हवं. ‘सगळ्या छोट्या पिस्तुलांना चालतं’ असं जे विकलं जातं ते कोणालाच नीट बसत नाही. पट्टाही जाड आणि ताठ हवा, नाहीतर पिस्तूल काढताना होल्स्टरच सोबत वर येतं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पिस्तूल परत घालायची घाई कधीच नसते. काढताना घाई असू शकते, घालताना नाही. कपडा दुसऱ्या हाताने पूर्ण वर धरायचा, बोट सांगाड्याच्या बाजूला सरळ ठेवायचं, खाली मान घालून होल्स्टरच्या तोंडाकडे बघायचं आणि मग सावकाश घालायचं. न बघता घालणं रुबाबदार दिसतं म्हणून तरुण मुलं तसा सराव करतात. माझ्या रेंजवर मी तो करू देत नाही.

पर्समध्ये किंवा खिशात सुटं पिस्तूल ठेवणं हा तर स्त्रियांना हमखास दिला जाणारा सल्ला. पर्समध्ये किल्ल्या असतात, पेन असतं, लिपस्टिक असते, आणि पर्स खुर्चीला अडकवून माणूस उठून जातो. मूल असलेल्या घरात तर हा विचारही करू नये. पर्समध्येच ठेवायचं असेल तर त्यासाठी वेगळा, बंद होणारा कप्पा हवा, आत कडक होल्स्टर हवं, आणि त्या कप्प्यात दुसरं काहीही नको. तरीही माझं मत विचाराल तर अंगावरच बरं.

ट्रिगर किती हलका असावा यावर लोक तासन्‌तास बोलतात. नवशिक्याला मी दर वेळी सारखाच, थोडा लांब आणि स्पष्ट ओढ असलेला ट्रिगर सुचवते. पीपीकेसारख्या पिस्तुलात पहिली ओढ लांब आणि जड, नंतरच्या आखूड आणि हलक्या. त्या दोन्ही शिकायला दुप्पट सराव लागतो. सेफ्टीचा खटका असावा की नसावा यावर माझा आग्रह नाही. पण असेल तर तो दर वेळी, प्रत्येक सरावात वापरा. आणि बाळगायच्या पिस्तुलाचा ट्रिगर कोणाकडून तरी घासून हलका करून घेऊ नका. कारखान्याने ठेवलेला जोर विचार करून ठेवलेला असतो.

लेखात आणखी एक गोष्ट सुटली आहे: रोज अंगावर राहिल्यावर पिस्तुलाचं काय होतं. दोन-तीन महिने कमरेला वागवलेलं पिस्तूल उघडून बघा. मागच्या साइटच्या खोबणीत कपड्याचे तंतू, मॅगझिनच्या वरच्या गोळीवर धुळीचा राखाडी थर, आणि कातडीकडच्या बाजूला घामाने धरलेले तांबूस ठिपके. जास्त तेल घातलं असेल तर तंतू आणि तेल मिळून चिखल होतो आणि तो स्ट्रायकरच्या वाटेत जातो. तिथे तेल घालायचंच नसतं. छोट्या पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइड पुन्हा पुढे ढकलणारी स्प्रिंगही, मोठ्या पिस्तुलापेक्षा लवकर थकते. ती किती गोळ्यांनंतर बदलायची हे माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं, आणि ती पुस्तिका बहुतेक जण डब्यातून बाहेरही काढत नाहीत.

यातलीच एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. काही जण रोज रात्री चेंबर रिकामं करतात आणि सकाळी तीच गोळी पुन्हा चढवतात. दर वेळी स्लाइड त्या गोळीचं नाक चेंबरकडे चढणाऱ्या उतारावर आपटते आणि गोळी पुंगळीत हळूहळू आत सरकत जाते. एका शिष्याच्या पिस्तुलातून निघालेलं काडतूस मी नव्या काडतुसाशेजारी टेबलावर उभं केलं, तेव्हा ते नुसत्या डोळ्यांना आखूड दिसत होतं. गोळी आत बसली की दारूला जागा कमी मिळते, दाब वाढतो, आणि असा दाब पिस्तूल आणि हात दोन्हींना धोक्याचा. ते काडतूस पुन्हा वापरात जाऊ द्यायचं नसतं. तीच ती गोळी सतत चढवू नका, काडतुसं आलटून पालटून वापरा, आणि अधूनमधून नव्याशेजारी उभी करून उंची तपासा.

शेवटची परीक्षा आपल्याच कपड्यांत घ्यायची. आरशासमोर उभं राहून पिस्तूल दिसत नाही म्हणून समाधान मानू नका. आधी ते रिकामं करा, चेंबर डोळ्यांनी बघा, मग करंगळीने चाचपा, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या. मग खाली वाका, खुर्चीत बसा, गाडीचा पट्टा लावून बसा, वरच्या फळीवर हात न्या. कपडा वर सरकतो का, ग्रिप पोटात रुतते का, पट्टा पिस्तुलावरून जातो का, हे कळतं. लपायला खरी अडचण नळीच्या लांबीची नसते, ग्रिपच्या उंचीची असते. नळी पँटच्या आत जाते, ग्रिप बाहेर टोचते. तक्त्यात नळीची लांबी मोठ्या अक्षरांत होती, ग्रिपच्या उंचीला रकानाच नव्हता. रेंजवर मग 7 मीटरवरून, कपड्याखालून काढून, तळहाताएवढ्या वर्तुळात 5 गोळ्या बसतात का ते बघा. बसत नसतील तर दोष पिस्तुलाच्या मापात आहे की सरावात, हे प्रशिक्षकासमोर तपासा.

माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्याला मी ग्लॉक 19 च्या मापाच्या पिस्तुलावर सुरुवात करायला सांगते. कंपनी कोणतीही असो. ग्रिपवर चारही बोटं बसावीत, वजन 600 ग्रॅमच्या आसपास असावं. काही महिने त्यावर हात बसला, स्लाइड, ट्रिगर, होल्स्टर सगळं न गोंधळता जमू लागलं, की मग ज्यांना कपड्यांमुळे किंवा बांध्यामुळे त्याहून लहान लागतं त्यांनी लहान घ्यावं. तोवर ते पेलण्याइतका हात तयार झालेला असतो. लहान पिस्तूल वाईट आहे असं मी म्हणत नाही. मी स्वतः एक बाळगते. ते शिकायचं शस्त्र नाही, एवढंच.

आपल्याला एक विनंती आहे. पुरवणीतली कात्रणं लोक जपून ठेवतात आणि दुकानात जाताना सोबत नेतात. येत्या रविवारी त्या शेवटच्या परिच्छेदाची दुरुस्ती छापावी, आणि पुन्हा कधी असा तक्ता दिलात तर त्यात ग्रिपची उंची आणि स्लाइड ओढायला लागणारा जोर हे दोन रकाने घालावेत. स्लाइडचा जोर मोजणं अवघड नाही, साध्या ताणकाट्याने मोजता येतो. रिकामी, तपासलेली पिस्तुलं रेंजवर आणलीत तर ती मोजमापं मी स्वतः करून देईन.

कळावे,
आपली वाचक,
एक पिस्तूल-नेमबाजी प्रशिक्षिका